श्रीखंडावर आळ

१० मे १९८४, गुरुवार

लताचं लग्न हॉलमध्ये लागलं, पंगती उठल्या, भांडी घरी आली. पाय भरून आलेत. आडवी व्हायच्या आधी दोन ओळी.

सावंतकाका आमच्याच चाळीतले, वरच्या मजल्यावरचे. लेकीच्या लग्नाचं जेवण त्यांनी मला दिलं तेव्हा त्यांच्या भावकीत कुजबुज झाली होती. गिरणी बंद पडलेल्याची बायको, डबे करणारी, हिला लग्न झेपणार का म्हणून. झेपलं. मसालेभात मोकळा, पुऱ्या टम्म, काकडीची कोशिंबीर दोनदा करावी लागली. श्रीखंड तर विचारूच नका. कदम मास्तरांनी तीनदा मागून घेतलं, चौथ्यांदा नुसतं पातेल्याकडे बघत होते.

मुलुंडच्या प्रधानबाई खास माझं जेवण चाखायला आल्या होत्या. २७ तारखेला मुलाचं लग्न आहे, चारशे पानं. हात धुता धुता म्हणाल्या, "परबबाई, मुलुंड तुमचं." घाटकोपरच्या बाहेरचं पहिलं काम! त्यांच्या सोसायटीत लग्नाची मुलं-मुली रांगेनं उभी आहेत. एक लग्न नीट झालं की डब्यांचा हा रोजचा रगाडा थोडा कमी करता येईल.

उकाडा मरणाचा. लताचा मामा, वसंत, धक्क्यावर मासळीच्या कामाला आहे. त्यानं बर्फाच्या दोन लाद्या भुशात गुंडाळून हातगाडीवरून आणल्या. भाचीला दागिना घालायची ऐपत नाही, तर तिच्या मांडवाला गार पाणी तरी पाजतो म्हणाला. पिंपात लादी सोडली आणि लोक पिंपाभोवती असे चिकटले की पंगतीला माणसं ओढून आणावी लागली. जेवणापेक्षा पाण्याचं कौतुक जास्त. मला थोडा रागच आला. पण जेवण माझं आणि पाणी यजमानांचं, ही आपल्याकडची रीत, म्हणून गप्प बसले. मी आपली दिवसभर चुलीपाशी चहावर.

१२ मे, शनिवार

सावंतकाकूंना दुपारपासून जुलाब. लग्नाची दगदग, दुसरं काय. संध्याकाळी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांतही तेच. बघू.

१३ मे, रविवार

संडासाला रांग. रांगेत उभं राहवत नाही अशी माणसं पुढच्याला हात जोडतायत. काकूंना पहाटे टॅक्सीत घालून साथीच्या इस्पितळात नेलं, सलाईन लावलं. मी जिन्यात बघितलं त्यांना. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली, आवाज बसलेला. एका रात्रीत बाई अर्धी झाली.

आणि मग चौकात नाना. नाना म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, राहतात इथेच चाळीत, मुलुंडला कारखान्यात कामाला जातात. सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "श्रीखंड आंबलं होतं. मी तेव्हाच वास घेतला होता." वास घेतला होता तर दोन वाट्या कशाला चापल्या, असं तोंडावर आलं होतं, पण काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

दोन डबे बंद झाले. निरोपही नाही, नुसता रिकामा डबा दाराशी.

१४ मे, सोमवार

वाण्याच्या दुकानात फोन आला म्हणून पोऱ्या बोलवायला आला. प्रधानबाई. नानांनी मुलुंडला जाऊन काय काय सांगितलं असेल ते त्यांच्या आवाजावरूनच कळलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण आमच्याकडची माणसं बोलायला लागली आहेत. रविवारपर्यंत थांबते, मग दुसरीकडे बघावं लागेल."

घरी येऊन नुसती बसून राहिले. हे म्हणाले, गप्प बस, चार दिवसांत लोक विसरतात. लोक विसरतील, पण प्रधानबाई विसरणार नाहीत. मुलुंड गेलं तर घाटकोपरही जाईल. सरकार गिरणी उघडेल म्हणून दोन वर्षं बसलोय, घर चाललंय ते माझ्या हाताच्या चवीवर. हात बदनाम झाला तर काय विकू?

आणि खरं सांगायचं तर मलाही धास्ती आहे. चक्का बुधवारी टांगला होता. गरम होतं. वास मीही घेतला होता, चाखलाही होता, गोड होता. पण होता ना? दिवसभर जीभ आठवत बसले.

मग उठून देसाई डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. नाक्यावरच आहे. बाई फटकळ, पण दुपारचा डबा माझाच खातात, आणि अजून बंद केलेला नाही. म्हटलं, बाई, खरं काय ते सांगा, माझ्या श्रीखंडानं झालं का हे?

"जेवण कधी?"

"गुरुवारी दुपारी."

"जुलाब कधी?"

"शनिवारी. बऱ्याच जणांना रविवारी."

"मग श्रीखंड दोन दिवस पोटात बसून मुहूर्त बघत होतं का, मंगल?"

मला तिथेच रडू आलं. मग त्यांनी खुर्चीवर बसवून नीट समजावलं. नासकं खाल्लं तर माणूस दोन-चार तासांतच आडवा होतो, आधी ओकतो, मग जुलाब. तसं असतं तर नवरी मांडवातून निघायच्या आत बोंब झाली असती. रक्त पडतं, शेंब पडते, पोटात मुरडा येतो, कधी ताप येतो, तो आमांश, त्याची जात वेगळी. आणि तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी, कळ नाही, ताप नाही, आणि माणूस बघता बघता सुकत जातो, ती पटकी. काकूंचं त्यांना तसंच वाटतंय. इस्पितळात तपासतायत.

"पटकी पाण्यातून येते," म्हणाल्या. मी उठून उभीच राहिले. तर म्हणतात, खाली बस, लगेच नाचू नकोस. कच्च्या खाण्यातूनही येते. काकडीची कोशिंबीर होती ना?

होती. दोनदा केली होती, वर लिहिलंच आहे मोठ्या कौतुकानं.

"मग मला दोन माणसं शोधून दे. पोटभर जेवला आणि ठणठणीत आहे असा एक. आणि जेवलाच नाही, तरी आजारी पडला असा एक. दुसरा मिळाला तर तू सुटलीस."

१५ मे, मंगळवार

घरोघरी गेले. चार दारं तोंडावर आपटली. एकीनं तर कडी लावून आतून सांगितलं, घरात कुणी नाही. मग बोललं कोण, देव?

पहिला माणूस मिळाला: कदम मास्तर. श्रीखंड तीनदा, कोशिंबीर दोनदा, आणि गडी गॅलरीत पेपर वाचतोय. म्हटलं, मास्तर, तुम्हाला काहीच कसं नाही? ते जरा ओशाळले, लोक काय म्हणतील म्हणून. जेवण फक्कड होतं म्हणाले, फक्त पिंपातलं गार पाणी घेतलं नाही, दात कळतात, म्हणून कोमट पाण्याचा थर्मास बरोबर नेला होता. मी ऐकलं आणि पुढे गेले. तेव्हा डोक्यात काही पेटलं नाही. डोकं सगळं कोशिंबिरीत.

नळावर नानांची बायको भेटली. बिचारी माझ्या नजरेला नजर देत नव्हती. शेवटी कुजबुजली की ह्यांना रक्त पडतंय, मुरडा येतोय, शेंब पडतेय. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे शिमग्यापासून येऊन-जाऊन चालूच आहे, औषध घेत नाहीत. शिमगा! लताची पत्रिकासुद्धा छापली नव्हती तेव्हा. चौकात माझ्या नावानं ओरडणारा माणूस आपला जुना आमांश माझ्या श्रीखंडाच्या नावावर खपवत होता.

दवाखान्यात सांगितलं. बाई इतक्या हसल्या की कंपाउंडर डोकावून गेला. मग म्हणाल्या, हसायचं नाही, त्याला पाठव माझ्याकडे, ते दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही.

निघताना मीठ-साखरेचं पाणी शिकवलं. एक तांब्या उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. चव डोळ्यांतल्या पाण्याइतकीच खारट, त्याहून जास्त असेल तर ओतून दे. मिठाचं माप मला शिकवतात! पण शिकले. निमूट शिकले.

१६ मे, बुधवार

आज जे झालं ते सगळं लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

काकांची थोरली बहीण, आत्याबाई, मागच्या चाळीत सुनेकडे असतात. त्याही पडल्यात असं सकाळी कळलं. सुनेनं दार उघडलं पण उंबऱ्यातच उभी. आत बघितलं तर म्हातारी भिंतीला लागलेली, ओठांना पापुद्रे, जीभ कोरडी. मी विचारलं, पाणी देता का? तर सून म्हणते, घोटभर पाणी घातलं की तेवढंच खालून जातं, म्हणून कालपासून पाणीच तोडलंय. शपथेवर सांगते, वाईट हेतूनं नाही, सासूवर जीव आहे तिचा. आमच्या आयाही असंच करायच्या. जुलाब झाले की आधी पाणी बंद.

तिला बाजूला सारून आत गेले. काय म्हणायचं ते म्हण. आत्याबाईंच्या हातावरची कातडी चिमटीत धरली, सोडली तरी तशीच उभी राहिली. डॉ.बाईंनी हेच सांगितलं होतं बघायला. सुनेला दवाखान्यात पिटाळलं आणि स्टोव्ह पेटवला. पाणी उकळलं, दोन भांड्यांत खालीवर करून गार केलं, साखर, मीठ, आणि चमचा चमचा घालत बसले. दोन चमचे आत, एक बाहेर. तरी घालत राहिले. बाई येऊन बघून गेल्या, गोळ्या दिल्या, इस्पितळात जागा नाही, चाललंय ते थांबवू नकोस म्हणाल्या.

दुपार टळली तेव्हा म्हातारीला लघवी झाली. सून आणि मी एकमेकींकडे बघून हसलो, वेड्यासारख्या. कुणाच्या लघवीचा इतका आनंद मला माझ्या पोरांच्या वेळीही झाला नव्हता.

मग आत्याबाईंनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य माझ्यावरच.

"मंगल, तुझ्या श्रीखंडाचं काय गं सांगतात लोक? मी तर चाखलंसुद्धा नाही. गुरुवार होता माझा."

गुरुवार! लग्नाच्या धांदलीत त्यांचा उपासच विसरले होते. आत्याबाई कडक गुरुवार करतात, बाहेरचं केळसुद्धा घेत नाहीत. मी विचारलं, मग घेतलंत काय मांडवात? "पाणीच की. वसंतानं आणलेलं. इतकं गार, तीनचार पेले प्याले."

तेव्हा पेटलं डोक्यात. मास्तरांचा थर्मास आणि आत्याबाईंचे पेले. मी म्हातारीच्या कपाळाचा मुका घेतला. तिला वाटलं मी दमले म्हणून रडतेय.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे ऐकत होते आणि खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, मलाही शनिवारपासून होतंय. सांगितलं नाही, लोक म्हणाले असते की करणारणीच्या घरातच लागलंय. स्टेशनजवळच्या संडासात जात होते, चार दिवस. आणि मी एका घरात राहून बघितलं नाही!

मी विचारलं, पण तुम्ही जेवलात कुठे? गिरणी बंद झाल्यापासून मी जिथे चुलीपाशी असते तिथल्या पंगतीत हे बसत नाहीत. का ते कधी बोललेले नाहीत, मीही विचारत नाही. म्हणाले, "जेवलो नाही. पाणी प्यालो, मामाचं."

आधी रागावले, मग मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि मग दोघंही हसायला लागलो. बरं वाटतंय म्हणाले. थोडक्यात सुटलेत.

१७ मे, गुरुवार

इस्पितळातून कळलं, काकूंची पटकीच. धोका टळलाय. म्युनिसिपालिटीची माणसं येऊन टाकीत औषध टाकून गेली.

डॉ.बाईंना दोन्ही माणसं सादर केली, तिसरा नवरा वरकड. म्हणाल्या, कोशिंबीर सुटली. आता हॉलचा नळ की बर्फ? तेही मीच बघितलं. हॉलच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, त्याच संध्याकाळी तिथे दुसरं लग्न होतं, पंतनगरची मंडळी. तडक पंतनगर गाठलं. तोच नळ, तीच पिंपं घासून घेतलेली, आणि घरात सगळे धडधाकट. नवरीनं स्वतः चहा केला. त्यांच्याकडे बर्फ नव्हता.

बाईंना सांगितलं तर त्या टेबलावर बोटं वाजवत म्हणाल्या, मासळीवर घालायचा बर्फ तो, प्यायच्या पाण्याचा कोण करतो? वाटेत कुठे कुठे टेकवला असेल देव जाणे. तो वितळून गेला, आता तपासायला काही उरलं नाही, पण बाकी सगळी बोटं तिकडेच जातात.

१९ मे, शनिवार

आजचा दिवस माझा.

संध्याकाळी बाई चाळीत आल्या. पाणी उकळा, हात धुवा, आजाऱ्याचं पाणी तोडू नका, हे सांगायला. सगळे मजले कठड्याला. बोलता बोलता म्हणाल्या, "आणि एक ऐका. हे जेवणानं झालेलं नाही. जेवणानं व्हायचं असतं तर त्याच दिवशी झालं असतं. ज्यांनी एक घास खाल्ला नाही ते पडले, आणि पोट फुटेस्तोवर जेवलेले हे मास्तर इथे उभे आहेत." सगळे मास्तरांकडे बघून हसले. मास्तरांनी कॉलर ताठ केली.

कुणीतरी विचारलं, मग कशानं झालं? बाई जरा थांबल्या. मी थांबले नाही. इतके दिवस गिळलेलं होतं. मोठ्यानं म्हटलं, "वसंतमामाच्या बर्फानं."

नाना खाली मान घालून निघाले होते. बाईंनी तिथूनच हाक मारली, "नाना, तुम्ही सोमवारी दवाखान्यात या, तुमचा विषय शिमग्याचा आहे." काय हशा पिकला! मीही हसले, पोट धरून हसले. पाप लागत असेल तर लागू दे.

काकू घरी आल्यात. जिना चढून आधी माझ्या दाराशी थांबल्या. माझा हात धरून उभ्या राहिल्या.

२० मे, रविवार

प्रधानबाई स्वतः आल्या, मुलुंडहून. डॉ.बाईंना आधी भेटून, सगळी चौकशी करून आल्या, बाई पक्की आहे. मी वाटीत श्रीखंड पुढे केलं. चाटून पुसून खाल्लं.

मुलुंड माझं. फक्त एक अट मी घातली: प्यायचं पाणीही माझ्याकडे. उकळलेलं, माठातलं, बर्फ अजिबात नाही. त्या म्हणाल्या, पाणी तर यजमान बघतात. म्हटलं, आता नाही.

२३ मे, बुधवार

बंद झालेले डबे परत सुरू. कडी लावून बसलेल्या बाईनं भाचीच्या बारशाचं विचारलं. आज नळावर मला पुढे जागा मिळाली. चालताना माझीच मान मला ताठ लागतेय. लागू दे, कमावलीय.

काकू मात्र एक गोष्ट सांगून गेल्या. वसंत शनिवारपासून चाळीत पाऊल टाकत नाही. लताच्या सासरी त्याला बर्फवाला मामा म्हणतात, तिच्या तोंडावर. लता परवा फोनवर रडली. काकू मला दोष द्यायला आल्या नव्हत्या. तरी.

२६ मे, शनिवार

उद्या मुलुंड. चक्का टांगलाय, वास गोड, चव गोड. भांडी बांधून तयार. पाण्याची पातेली आणि माठ वेगळे, त्यांना दुसरा हात लागायचा नाही.

दुपारी वसंत आला. दारात उभा, आत ये म्हटलं तरी येईना. उतरलाय फार. शेवटी ओट्यावर टेकला.

"वयनी, माका खरा सांगा. माझ्याच बर्फान झाला काय ता?"

खोटं बोलता आलं असतं. बर्फ वितळला, पुरावा नाही, बाईच म्हणाल्या होत्या. तेवढं म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण मग ते सगळं फिरून माझ्या पातेल्यात येणार, हे मला कळत होतं. आणि तो विचारायला आला होता, समजूत काढून घ्यायला नाही. म्हटलं, हो, बर्फानंच. त्या दिवशी सगळ्यांनी तुझं कौतुक करत प्यायलं, एकानंही विचारलं नाही कुठला बर्फ म्हणून.

तो हातांकडे बघत बसला. मासळी आणि बर्फ उचलून भेगा पडलेले हात. मला एकदम त्याची हातगाडी आठवली, भुसा झटकताना किती खुशीत होता ते. मी जिंकले त्याचा मला आनंद आहे, तो मी लपवणार नाही. पण मी सुटले आणि हा अडकला, आणि त्यानं तर कुणाला फसवलंही नव्हतं.

"उद्या मला पाण्यावर माणूस पाहिजे," मी म्हटलं. "उकळायचं, गार करायचं, झाकायचं, आणि कुणी माठात पेला बुडवायला आला तर त्याचा हात धरायचा. येशील?"

त्यानं मान वर केली. अर्धा कप चहा तसाच ठेवून गेला.

हे म्हणतात, डोकं फिरलंय का तुझं, प्रधानबाईंना कळलं तर? कळलं तर मी सांगेन, माझा माणूस आहे. आठवडाभर आधी असं म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात.

टेम्पो पहाटे नाक्यावरून सुटणार. ड्रायव्हरच्या शेजारची जागा मी अजून कुणाला दिलेली नाही.